जगऱ्याशी मी बसले

परवा आमच्या मंडळीच्या म्होरक्यांची तेरवी झाली. पंगत उठल्यावर माणसं मांडवात सुपारी कातरत बसली होती. त्यांतला एकजण अनसिंगहून आलेल्या पाहुण्यांना सांगत होता की म्हातारा लय मोठ्या मनाचा, तीन वर्षांमागं त्यानं स्वतः होऊन एका बाईला जगऱ्याशी बसवलं, असं आजूबाजूच्या कोणत्या गावात झालं नाही. पाहुण्यांनी माना डोलावल्या. मी खांबाजवळ पाण्याची बादली घेऊन उभी होते. सांगणाऱ्यानं मला पाहिलं, पण त्याचं सांगणं काही अडखळलं नाही.

तिथंच बोलायला पाहिजे होतं. मी बोलले नाही. बादली ठेवली आणि घरी आले. म्हणून इथं लिहिते.

मला कोणी बसवलं नाही. मी बसले. म्होरके शेवटपर्यंत माझ्या विरोधात होते आणि त्यांनी तो विरोध कधी लपवला नाही. आता ते नाहीत म्हणून त्यांचा विरोध कोणी परस्पर काढून घेऊ नये. तो त्यांचा होता. बसणं माझं होतं.

जगरा म्हणजे गोवऱ्या रचून पेटवलेला विस्तव. चंपाषष्ठीला आमच्या गावच्या खंडोबाला रोडग्यांचा नैवेद्य असतो, आणि मग साऱ्या गावाची पंगत बसते. जाडसर कणकेच्या चार-पाच लहान पोळ्या तेल लावून एकात एक घालायच्या आणि त्यांचा गोळा वळायचा, तो रोडगा. तो तव्यावर होत नाही. जगऱ्यात पुरून भाजावा लागतो, आणि ते काम आमच्याकडं म्होरके धरून अकरा जणांची मंडळी करते. देवळासमोर जगऱ्याची गोल जागा आहे. तिच्याभोवती अकरा धोंडे आहेत, एकेक धोंडा एकेका घराचा. बाप गेला की मुलगा बसतो.

मंडळीचं कुठं काही लिहिलेलं नाही, पण नियम गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ. प्रत्येकानं आपल्या घरच्या पाच गोवऱ्या आणायच्या. धोंड्यापाशी पायताण घालून जायचं नाही. बसणारा मेला की त्याचा धोंडा पालथा घालायचा. तेरवी झाल्यावर जो पहिला जगरा येईल त्याला नवा बसतो आणि धोंडा स्वतःच्या हातानं सुलटा करतो. धोंड्यावर बसलेले सारे एकमेकांना भाऊ म्हणतात, मग घरी ते काका-पुतणे असोत की सासरा-जावई. नवा असेल त्यानं देवाचा रोडगा निघाल्यावर दुसरा रोडगा फोडायचा आणि बाकीच्या दहांना एकेक तुकडा द्यायचा. ज्यानं एक जगरा पुरा बसून काढला त्याला मरेपर्यंत कोणी उठवत नाही.

आणि सगळ्यांत मोठा नियम मुक्याचा. म्होरक्यानं कापूर लावून जगरा पेटवला की देवापुढं पहिला रोडगा जाईपर्यंत कोणी तोंडातून शब्द काढायचा नाही. धोंड्यावरच्यानं नाही, भोवती उभ्या असलेल्यानंही नाही. जो बोलला तो त्या वर्षी बसत नाही, दिवसभर पंगतीला पाणी वाढतो. माणसं सांगतात की बोललं तर देव कोपतो. बाबा म्हणायचे, देव कशाला कोपेल, बोलण्यात ध्यान गेलं की रोडगा जळते, एवढंच. रोडग्याचं एक अंग शिजलं की त्याला तडा जातो आणि बारीकसा आवाज येतो, दुसरं शिजलं की पुन्हा येतो. तो ऐकायला गप्प बसावं लागतं. एकमेकांना सांगायचं असेल तर बाभळीची काठी दगडावर वाजवायची. एकदा वाजवली तर रोडगा फिरव, दोनदा वाजवली तर काढ.

मी लहानपणापासून बोलायला भिते. शाळेत हजेरीला माझं नाव आलं की हजर म्हणायला माझा आवाज निघत नसे. शेजारची पोरगी माझ्या वतीनं म्हणायची. चौथीनंतर शाळा दुसऱ्या गावात होती. घरी कोणी जा म्हणालं नाही आणि मलाही सुटल्यासारखं वाटलं, ते आता वाईट वाटतं. लग्न झालं, सासरी तीन वर्षं राहिले, आणि परत आले. का आले ते इथं लिहीत नाही. बाबांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ते माझं नाव पुन्हा रेशनकार्डावर चढवायला रिसोडला गेले. आई आधीच गेली होती. भाऊ-बहीण कोणी नाही. तेव्हापासून घरात आम्ही दोघं आणि एक गाय.

बाबांच्या पाच गोवऱ्या मीच थापायची. सगळ्या अकरा घरांत बायकाच थापतात, जगऱ्याशी बसतात बापे. माझ्या गोवऱ्यांत मी तुरीचं भुसकट बारीक करून घालते. उन्हाला उभ्या करून दोन्ही बाजू वाळवते. अशी गोवरी भडकत नाही, सावकाश धरते आणि बराच वेळ लाल राहते. बाबा सांगायचे की म्होरके त्यांच्या गोवऱ्या मुद्दाम मध्ये रचायला घेतात. ते ऐकलेलं मला दोन दिवस पुरायचं.

मग बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. वाशिमला ऑपरेशन करू म्हटलं तर नको म्हणाले. एका डोळ्याचं शेवटी केलं, पण नजर पहिल्यासारखी आली नाही. मंडळीत त्यांनी कळू दिलं नाही. डोळ्यांनी दिसत नाही तर कानांनी भाजीन, असा त्यांचा हट्ट, आणि त्या हट्टासाठी त्यांना सराव पाहिजे होता. अंगणात आम्ही दहा-बारा गोवऱ्यांचा लहान जगरा करायचो. मी रोडगे वळायची, ते पुरायचे, आणि मग दोघं गप्प. तडा गेला की काठी वाजवायची. आधी ते वाजवायचे. पुढं पुढं माझी काठी त्यांच्या आधी वाजायला लागली. एकदा ते हसून म्हणाले, "तुह्ये कान माह्यापेक्षा खरे हायेत. वाया चालले." त्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदा तरी आम्ही रोडगेच खात होतो. गायीलासुद्धा कंटाळा आला असेल.

पुढच्या उन्हाळ्यात बाबा गेले. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मंडळीनं देवळासमोर जाऊन त्यांचा धोंडा पालथा घातला. तो पश्चिमेच्या अंगाचा, धूर येतो त्या बाजूचा. एक कोपरा टवका उडालेला. मी जाता-येता त्याची खालची बाजू पाहायची. तिथं मुंग्यांनी घर केलं होतं.

धोंडा कोणाला, याचा निकाल मंडळीनं पोळ्यानंतर ओट्यावर बसून लावला. माझ्या चुलतभावाला. तो वाशिमला राहतो, त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. वाईट माणूस नाही. बाबांना दवाखान्यात नेताना त्यानंच गाडी केली होती. पण त्यानं आयुष्यात एक रोडगा भाजलेला नाही. घरातल्या लेकीला विचारावं असं त्या ओट्यावर कोणाच्या मनातही आलं नाही. नाही म्हणाले असते तर मी समजले असते. विचारही न केल्याचं मला जास्त लागलं.

म्होरक्यांकडं जायचं म्हणून मी तीन दिवस निघत होते. दोन दिवस चावडीपासून परतले. तिसऱ्या दिवशी अंगणात पोचले. त्यांच्या सुनेनं पाणी दिलं. म्होरके बाजेवर बसून हरभऱ्याचं बियाणं निवडत होते. उंच माणूस, पांढऱ्या मिशा, बोलताना समोरच्याकडं न पाहता हातातल्या कामाकडं पाहायची सवय. काय वो, म्हणाले. मी उभी. पुन्हा म्हणाले, काय काम काढलं. माझ्या तोंडून फक्त "बाबांचा धोंडा" एवढंच निघालं.

त्यांना कळलं. रागावले नाहीत. समजावायला लागले, ते रागावण्यापेक्षा जड होतं. म्हणाले, तुझा बाप माझा भाऊ होता, तू मला लेकीसारखी. पण लेक दुसऱ्या घरची असते. परत आली तरी तिचं घर ते नसतं. मंडळीत आजपर्यंत बाई बसली नाही, धूर असतो, निखाऱ्यांची आर असते, माणसं असतात, बाईचं ते काम नाही. भाजी चिरायला ये, पीठ दळून आण, नाही कोण म्हणतो. मग हातातले दाणे सुपात टाकून त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं.

"तिथं सारे भाऊ बसतात, बाई. तुले का आमी भाऊ म्हनावं?"

ओसरीवरचा कोणीतरी हसला. म्होरके हसले नाहीत. त्यांना खरंच वाटत होतं की याला उत्तर नाही. उत्तर मला लगेच सुचलं होतं, पण ते ओठांपर्यंत आलं आणि तिथंच बसलं. मी घरी आले, गायीपुढं कडबा टाकला आणि तिला ते उत्तर चार वेळा मोठ्यानं सांगितलं.

चंपाषष्ठीच्या चार दिवस आधी चुलतभाऊ मोटारसायकलवर घरी आला. चहा घेतला, बाबांच्या फोटोला नमस्कार केला. उठता उठता म्हणाला, "बाई, पाच गोवऱ्या काढून ठेवजो ना माह्यासाठी. घरच्याच लागतात म्हन्ते." बोलायच्या नादात त्यानं माझ्या रचलेल्या गोवऱ्यांतली एक हातात घेऊन वजनही पाहिलं. मी ती त्याच्या हातातून घेतली आणि परत जागेवर ठेवली.

"नाई," मी म्हणाले.

त्याला वाटलं की मी थट्टा करते आहे. मी थट्टा करत नाही हे माहीत असूनही वाटलं. मग मोटारसायकल चालू केली आणि गेला.

तो गेल्यावर मी ओसरीत बसून विचार केला. या गावात मी कुठंही गेले तरी मला उठ म्हणायला एक शब्द पुरतो. त्या एका शब्दाला मी आयुष्यभर उठत आले. सासरी पंगतीतून उठले, शाळेतून उठले, बचत गटात मला पुढं बसवलं तर मीच उठून मागं गेले. पण वर्षातून एक वेळ अशी आहे की गावातला कोणताच बाप्या तो शब्द काढू शकत नाही. कापूर लागल्यापासून देवाचा रोडगा निघेपर्यंत. अडीच तास तरी. आणि गप्प बसण्यात मला हरवील असं या गावात कोणी नाही.

हे मला सुचलं तेव्हा माझं मलाच हसू आलं. मग भीती वाटली. मग पुन्हा हसू आलं.

चंपाषष्ठीला सकाळी मी आंघोळ करून, केस घट्ट बांधून, पाच गोवऱ्या टोपल्यात घेऊन निघाले. बाबांची काठी टोपल्यात आडवी ठेवली. देवळापाशी बायका कडुनिंबाखाली वांगी चिरत होत्या. मी तिकडं गेले नाही. जगऱ्यापासून थोड्या अंतरावर, बाप्यांच्या मागं, टोपलं खाली ठेवून उभी राहिले. कोणी लक्ष दिलं नाही. कोणाच्या तरी घरच्या गोवऱ्या आणल्या असतील असंच वाटलं असणार.

एकेकानं आपापल्या गोवऱ्या दिल्या. चुलतभावाची पाळी आली तेव्हा त्यानं पिशवीतून एक पाकीट काढलं. होमासाठी दुकानात मिळतात तसल्या गोवऱ्या, बिस्किटासारख्या पातळ, सगळ्या एका मापाच्या. माणसं एकमेकांकडं पाहू लागली. सायकल दुरुस्त करणारा, ज्याचा धोंडा बाबांच्या शेजारी होता, म्हणाला की या गोवऱ्या हायेत का पापड. थोडं हसणं झालं. म्होरक्यांनी पाकिटाकडं पाहिलं, चेहरा आंबट केला, पण हात पुढं करून घेतल्या आणि बाजूला कडेला ठेवल्या.

तोपर्यंत टोपलं उचलून घरी जावं असं दोनदा मनात आलं होतं. त्या पाकिटानंतर आलं नाही. घरच्याच पाहिजेत असा नियम असून दुकानातल्या गोवऱ्या चालल्या. मी चालत नव्हते.

म्होरक्यांनी देवाला हात जोडले, कापूर ठेवला, काडी लावली. मुकं सुरू झालं. रीत अशी की आधी जुने दहाजण आपापल्या धोंड्यांवर बसतात आणि शेवटी नवा. दहाजण बसले. चुलतभाऊ पुढं आला आणि तिथंच थबकला, कारण त्याच्या पायात बूट होते. नवे, लेसवाले. बाकी सगळे चपला लांब सोडून आले होते, त्याला कोणी सांगितलं नव्हतं किंवा तो विसरला होता. तो खाली बसून लेस सोडायला लागला. एक सुटली. दुसरीची गाठ बसली.

मी अनवाणीच होते.

टोपलं उचलून मी बाप्यांच्या मधून गेले. कोणी बाजूला सरकलं, कोणाला माझा धक्का लागला. बाबांच्या धोंड्याशी वाकले. वाटला होता त्याहून तो जड होता आणि खालून ओला. दोन्ही हातांनी कडेला धरून एकदा ओढला तर हलला नाही, दुसऱ्यांदा उलटला आणि सुलटा पडला. मुंग्या पळाल्या. मी माझ्या पाच गोवऱ्या विस्तवाच्या कडेला लावल्या, पदर कमरेला खोचला आणि बसले.

म्होरक्यांचा चेहरा तांबडा झाला. त्यांनी हातानं ऊठ अशी खूण केली. मी विस्तवाकडं पाहत राहिले. हाताच्या खुणेनं उठायची मला सवय नव्हती, मला शब्दाची सवय होती. त्यांनी काठी दगडावर आपटली, एकदा, दोनदा, तीनदा. तीनदा वाजवण्याला जगऱ्यात काही अर्थ नाही.

शब्द चुलतभावानं काढला. एक बूट हातात, एक पायात, तसाच उठून तो ओरडला, "अवो बाई, उठ ना तिथून, माही जागा हाय ते."

सगळ्या माना त्याच्याकडं वळल्या. त्याला काय झालं ते कळायला एक क्षण लागला. मग त्यानं तोंडावर हात ठेवला, पण शब्द निघून गेला होता. म्होरक्यांनी डोळे मिटले. मग सावकाश हात उचलून त्यांनी पाण्याच्या हंड्यांकडं बोट दाखवलं. नियम म्हणजे नियम. एवढं मात्र त्यांचं मी नेहमी मानत आले. तो त्यांच्या मनाविरुद्ध गेला तरी त्यांनी मोडला नाही. चुलतभाऊ दिवसभर नव्या पँटीवर पाणी सांडत पंगतीला वाढत फिरला.

मग काम सुरू झालं, आणि खरं सांगायचं तर मी बाकी सगळं विसरले. ज्वाळा बसल्या, गोवऱ्या काळ्याच्या लाल झाल्या, वरून पांढरी राख धरली. रोडगे पुरले. धूर सगळा माझ्याच अंगावर. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कोणाला वाटलं असेल रडते आहे. मी डोळे मिटून घेतले. बाबाही मिटूनच बसत असणार. पहिला तडा माझ्या बाजूला गेला. मी काठी एकदा वाजवली आणि रोडगा फिरवला. शेजारी सायकलवाल्याचं ध्यान नव्हतं, त्याचा रोडगा वाजला ते त्याला ऐकू आलं नाही. मी त्याच्यासाठी वाजवली. त्यानं दचकून पाहिलं आणि फिरवला. त्यानं बाबांसाठी दोन वर्षं गुपचूप काठी वाजवली होती, हे मला नंतर कळलं. बाबांना वाटत होतं कोणाला माहीत नाही.

समोर म्होरके विस्तवाकडं नाही, माझ्याकडं पाहत होते. त्यांच्या बाजूचे रोडगे करपायला आले होते. वास येत होता. मी दोनदा वाजवली, काढा. त्यांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. पुन्हा दोनदा वाजवली. नाही म्हणजे नाही. शेवटी काढले तेव्हा चार रोडगे कोळसा झाले होते. पन्नास वर्षांच्या बसण्यात त्यांचा रोडगा जळलेला कोणी पाहिला नव्हता.

देवाचा पहिला रोडगा म्होरक्यांच्या बाजूचा असतो. जळका देवाला चालत नाही. त्यांनी गोल नजर फिरवली. माझ्यापुढचे सगळ्यांत चांगले भाजले होते, हे मी गर्वानं लिहीत नाही, तसे होते. त्यांनी माझ्यापुढचे ओलांडून सायकलवाल्याचा घेतला. घेऊ द्या. तो मीच फिरवायला लावलेला होता.

देवापुढं रोडगा फुटला, घंटा वाजली, आणि मुकं संपलं. तरी कोणी बोलेना. सगळ्यांना वाटत होतं म्होरके बोलतील. त्याआधीच मी दुसरा रोडगा पदरानं पुसला, फोडला, आणि उठून वाटायला लागले. सायकलवाल्यानं पहिला तुकडा घेतला आणि उभ्याउभ्याच तोंडात टाकला. बाकीच्यांनी घेतले, कोणी पाहून, कोणी न पाहता. एकानं घेऊन शर्टाच्या खिशात घातला, खाल्ला नाही. पुढं त्याची बायको मला विहिरीवर म्हणाली की तो तिनं खाल्ला, आणि चांगला होता.

म्होरक्यांपुढं मी तुकडा धरला. त्यांनी हात पुढं केला नाही.

"कोनं सांगतलं तुले बसाले?" त्यांनी विचारलं.

सगळा गाव ऐकत होता. कडुनिंबाखालच्या बायकांच्या विळ्या थांबल्या होत्या. माझा आवाज नेहमीसारखा अडकला. मग गायीला चार वेळा सांगितलेलं होतं म्हणून असेल, पण निघाला.

"तुमीच इचारलं होतं काका, तुले का भाऊ म्हनावं म्हून. त्या दिशी सांगाचं राहून गेलं. म्हना."

त्यांनी म्हटलं नाही. तुकडा घेतला नाही. मी तो त्यांच्या धोंड्यावर ठेवला आणि माझ्या धोंड्यावर जाऊन बसले. पंगतीभर माणसं भांडली. कोणी म्हणे बसली ती बसली, पुरा जगरा काढला. कोणी म्हणे न उठवण्याचा नियम बाईला लागूच नाही, मग तिला उठवलं तर तो मोडला असं कसं म्हणायचं. मी जेवले. भूक लागली होती.

पुढच्या वर्षी मी पाच गोवऱ्या घेऊन गेले तर माझा धोंडा पालथा घातलेला होता. मी जिवंत असताना. कोणी घातला ते मी विचारलं नाही. मी टोपलं खाली ठेवलं, धोंडा सुलटा केला आणि बसले. या खेपेला कापूर लागायच्या आधी, म्हणजे ज्याला काही बोलायचं असेल त्याला बोलता यावं. म्होरक्यांनी दोन-तीन वाक्यं बोलून पाहिली. मंडळीची शोभा, देवाची मर्जी. मी उत्तर दिलं नाही आणि उठलेही नाही. शेवटी विस्तवाचा वेळ टळायला लागला, तेव्हा त्यांनी काडी ओढली.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे मागच्या वर्षी, धोंडा सुलटा होता. त्या दिवशी मला ताप होता, धुरानं डोकं भणाणून गेलं होतं आणि एका रोडग्याचा तडा मला ऐकू आला नाही. समोरून काठी दोनदा वाजली. मी पाहिलं. म्होरके विस्तवाकडं पाहत होते. मी रोडगा काढला. एवढंच. मुकं संपल्यावर त्यांनी सगळ्यांना भाऊ म्हणून पाणी विचारलं, मला मात्र विचारलं नाही. सायकलवाला मला भाऊ म्हणतो, अजून तिघं म्हणतात. एकजण मधेच बाई आणि मधेच भाऊ म्हणतो आणि स्वतःच गोंधळतो. चुलतभाऊ जवळजवळ तीन वर्षं बोलत नव्हता. आता दिवाळीला फोन आला, तर आधी रोडग्याचंच विचारलं.

म्होरके मला कधीच भाऊ म्हणाले नाहीत. तुकडा घेतला नाही, तो नाहीच घेतला. त्यांनी मला बसवलं असं म्हणणं त्यांच्यावरही अन्याय आहे. बसवलं असतं तर त्यांनी गाजावाजा करून, नारळ फोडून बसवलं असतं, आणि उठवतानाही तसंच उठवलं असतं. तो हक्क मी त्यांच्या हातात दिलाच नाही.

तेरवीहून मी घरी आले त्याच संध्याकाळी त्यांची सून आली. दारातच उभी राहिली. तिचा नवरा पुण्याला असतो, कंपनीत, सणाला सुट्टी मिळाली तर येतो. तीन वर्षांपूर्वी मला अंगणात पाणी दिलं होतं ती हीच. तिला बरंच काही विचारायचं होतं हे मला दिसत होतं, कारण असं दारात उभं राहणं मला चांगलं माहीत आहे. मी घाई केली नाही. पाट सरकवला. ती बसली नाही.

चौकटीला हात लावून म्हणाली, "धोंडा लय जड हाय का वो?"

मी म्हणाले, पहिल्या झटक्याला हलत नाही. कडेला धरून आपल्याकडं ओढायचा, मग उलटते. खालून ओला असते, इंचू असू शकते, आधी काठीनं पाहून घेजो. आणि बूट घालून येजो नको.

ती हसली. मग मी तिला विचारलं की घरच्या गोवऱ्या आहेत का. आहेत म्हणाली, पण त्यात भुसकट नाही, नुसत्या शेणाच्या, भडकतात. चंपाषष्ठीला अजून पंधरा दिवस आहेत. ऊन चांगलं आहे. मी तिला तुरीच्या भुसकटाचं पोतं दाखवलं.